आई बसली की तंबोरा उतरायचा

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर चहाबरोबर तोंडी लावायला. पिंपळाखालची बाई, बंद खोलीतली पावलं... वाचायचं, बायकोला वाचून दाखवायचं आणि हसायचं. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आणखी एका गोष्टीवर नव्हता — महागड्या केबलवर. ज्यांना घरी गाणी ऐकायचा नाद आहे त्यांना माहीत असेल, या प्रांतातही देवऋषी आहेत. ऑडिओच्या ग्रुपवर लोक शपथेवर सांगतात की वायफाय काढून नेटवर्कची वायर लावली की गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, तबल्याची शाई दिसते! मी त्यांची मनसोक्त टिंगल केलेली आहे. अहो, डिजिटल म्हणजे नुसते आकडे. पोचले तर पोचले, नाही पोचले तर गाणं अडकेल. वाटेत त्यांना पडसं होत नाही, असं मी लिहायचो आणि वर हसरे चेहरे टाकायचो.

आज मीच वायरीबद्दल लिहायला बसलोय, तेव्हा हसायची पाळी तुमची.

आम्ही जबलपूरचे. रांझी भागात राहतो, तिथल्या सरकारी फॅक्टरीपासून सायकलच्या अंतरावर. बाबा फॅक्टरीतून रिटायर झाले आणि काही वर्षांनी गेले. मी त्याच फॅक्टरीत आहे, मोजमापाच्या विभागात. तयार झालेला भाग ठरलेल्या मापाचा आहे की नाही, हे तपासायचं माझं काम. केसाएवढा फरक निघाला तरी माल परत पाठवतो, त्यामुळे तिथे माझं नाव फार प्रेमाने घेतलं जात नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे मोजलं ते मी मोजलंय, आणि मोजण्यात मी सहसा चुकत नाही.

माझी आई गाते. मुलींच्या शाळेत तिने वर्षानुवर्षं गाणं शिकवलं आणि रिटायर झाल्यावर घरी शिकवायला लागली. इथल्या मराठी घरांतल्या निम्म्या बायका तिच्या शिष्या असतील. आमच्या खालच्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत तिचा तंबोरा आणि तिची सतरंजी, आणि तिची पट्टी काळी चार. म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा तिचा 'सा'. तरुणपणापासून तोच. सत्तरी आली तरी ती त्यावरून तसूभर खाली आली नव्हती आणि याचा तिला भलता अभिमान होता. दुसऱ्या कुणी वयोमानाने पट्टी उतरवली की आई तोंडावर काही बोलायची नाही, पण घरी आल्यावर "अच्छा गाती है अभी भी" असं मुद्दाम हिंदीत म्हणायची. त्यात काय ते आलं. अशा बाईच्या पोटी मी जन्माला आलो आणि मला सा आणि रे यातला फरक कळत नाही. देवाकडे माझा माल तपासला गेला नसावा.

गेल्या वर्षी थंडी सुरू व्हायच्या सुमारास आईच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाजाची नस नाजूक झाली. असं कधी कधी होतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बोलताना आवाज घोगरा यायचा आणि गायला गेली की चिरायचा. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं: रोज थोडं गा, पण पट्टी बरीच खाली घ्या. वरच्या पट्टीत ताण दिलात तर नुकसान होईल, आणि मुळीच गायला नाहीत तर नस आळसावेल, मग आवाज आहे तिथेच राहील. पुढचे पाच-सहा महिने महत्त्वाचे.

आईने सगळं ऐकून घेतलं. घरी आली, तंबोऱ्याला गवसणी चढवली आणि म्हणाली, "काळी चार लागेल तेव्हा काढीन."

मी समजावलं, चिडलो. बायकोने, म्हणजे वैशालीने, गोड बोलून पाहिलं. आई हट्टी आहे हे माहीत होतं, पण हा हट्ट असा होता की त्यात तिचाच गळा जाणार होता. आणि हे तिलाही कळत होतं. शिष्यांना तिने सुट्टी दिली. खोलीचं दार लोटून घेतलं की दिवसभर बाहेरच्या खाटेवर बसून राहायची... आमचं घर इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, मला त्या शांततेची भीती वाटायला लागली होती.

एकच माणूस यायचा थांबला नाही, तो म्हणजे रशीद मामू. गोहलपुरात त्यांचं पेटी दुरुस्तीचं छोटं दुकान आहे आणि आईच्या साथीला तबल्यावर तेच असतात. तिला दीदी म्हणतात म्हणून माझे मामू. दर गुरुवारी ते मोटरसायकलवर तबला बांधून यायचे, चहा प्यायचे, स्वतःच्याच वादनाची तारीफ करायचे आणि तबला न उघडता परत जायचे. "दीदी का मूड बनेगा तो हाथ के हाथ शुरू कर देंगे," असं दर वेळी म्हणायचे.

आता माझ्या नादाबद्दल. घरात करमेना म्हणून मी खालच्या त्याच खोलीत नवी सिस्टिम लावली. जुने चांगले स्पीकर, एक ॲम्प्लिफायर, आणि इंटरनेटवरून गाणी ओढून घेणारा एक छोटा डबा. आधी मोबाईलवरून ब्लूटूथने वाजवून पाहिलं — ऐकायला ठीक, पण तंतुवाद्यं जरा चेपलेली वाटायची. मग डबा वायफायवर घेतला. आवाज सुधारला, पण आमचा राउटर वरच्या मजल्यावर आणि मधला स्लॅब जाड. दर थोड्या वेळाने गाणं अडकायचं. शेवटी मी राउटरपासून जिन्याच्या खिडकीतून खालपर्यंत नेटवर्कची वायर ओढली. साधी, बाजारातली. आवाज बदलेल म्हणून नव्हे, अडकू नये म्हणून! हे त्या वेळी ग्रुपवरही लिहिलं होतं.

वायर लावली आणि तपासायला तंबोऱ्याचं एक लांबलचक रेकॉर्डिंग लावलं. तंबोऱ्यात दोष लपत नाहीत, जरासं अडकलं तरी कळतं. पट्टी तिथे लिहिलेलीच होती, काळी चार. आईच्या सवयीची म्हणूनच माझं बोट तिकडे गेलं असेल.

मंडळी, काय सांगू... खोली भरून गेली. तारांची जवारी, म्हणजे तो जो तारेच्या मागे झंकार रेंगाळत राहतो ना, तो एकेका तारेचा वेगळा ऐकू येत होता. माझ्यासारख्या बेसूर माणसाला मांडी घालून बसावंसं वाटलं. ग्रुपवरच्या ज्यांची टिंगल केली होती त्यांची मनातल्या मनात माफी मागत होतो, तेवढ्यात दार उघडलं आणि आई आत आली. हातात मटाराची परात. थंडीचे दिवस, घरोघरी मटार सोलणं चालू असतं. ती सतरंजीवर बसली आणि मटार सोलता सोलता ऐकायला लागली. मग हात थांबले. मग तिने हळूच सा लावला.

आवाज घोगरा होता, पण चिरला नाही. तिने पुन्हा लावला. मग खाली गेली, वर आली, दोन-चार स्वर फिरून परत सा वर येऊन बसली. वैशाली स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली ती दारातच उभी राहिली. मी डबा सोडून भिंतीकडे पाहत होतो, कारण मला रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आईनेच सांगितलं, "तुझा तो तंबोरा लाव रे." त्यानंतर रोज सकाळी ड्युटीला जायच्या आधी मी तेच रेकॉर्डिंग लावून जायचो. काही दिवसांनी ती स्वतःच लावायला शिकली.

गुरुवारी रशीद मामू आले. आई गातेय म्हटल्यावर त्यांनी घाईने तबला उघडला. काळी चारमध्ये तो घरूनच लावलेला असतो. पहिली थाप मारली आणि त्यांचा चेहरा उतरला. माझ्यासारख्यालाही कळलं की काहीतरी भांडतंय. त्यांनी हातोडीने ठोकून तबला उतरवला, आणखी उतरवला, शेवटी तो उतरेना म्हणून नुसत्या डग्ग्यावर साथ केली. आईने डोळे मिटलेले होते. ती गात राहिली.

बाहेर मोटरसायकलपाशी मामूंनी मला बाजूला घेतलं. "बेटा, तुमने तानपूरा सफ़ेद चार का लगा रखा है. अच्छा किया. मगर मुझे बता तो देते, बड़े मुँह का तबला ले आता."

मी म्हटलं, काळी चारचंच लावलंय. ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

पांढरी चार म्हणजे काळी चारच्या पूर्ण तीन पट्ट्या खाली. एवढा फरक काही कानाचा भास नसतो. मोबाईलवर सूर मोजायचं ॲप मिळतं, ते मी उतरवून घेतलं आणि संध्याकाळी खोलीत एकटा बसून मोजलं. काळी चार! अगदी काट्यावर. मामूंचे कान म्हातारे झाले, असा निष्कर्ष काढून मी निवांत झोपलो.

सकाळी आई सतरंजीवर बसली, तिने तंबोरा लावला आणि गळा साफ करायला पाणी प्यायली. ती अजून गायला लागली नव्हती. मी मोबाईल स्पीकरपाशी धरला. पांढरी चार.

तेच रेकॉर्डिंग, तोच डबा, तीच वायर. रविवारी मी दिवसभर हाच उद्योग केला. आई खोलीत नसली की काळी चार. मी बसलो, वैशाली बसली, तरी काळी चार. आई सतरंजीवर येऊन बसली की तंबोरा अलगद तीन पट्ट्या खाली. नुसती दारातून डोकावली तर काही नाही, बसायला हवी. मी घामाघूम झालो, थंडीत.

आता ग्रुपवरचे जाणकार म्हणतील, डब्याच्या घड्याळात गडबड असेल. तेही पाहिलं. रेकॉर्डिंग चुकीच्या वेगाने वाजलं तर सूर उतरतो हे खरं, पण मग ते लांबतंही. तारा छेडण्यातलं अंतर वाढतं. इथे ते अंतर जसंच्या तसं होतं आणि रेकॉर्डिंग नेहमीच्याच वेळात संपत होतं. फक्त सूर खाली.

मग मी एक प्रयोग केला. एका सकाळी आईला न सांगता वायर काढली आणि डबा वायफायवर घेतला. नशिबाने त्या दिवशी गाणं अडकत नव्हतं. आई बसली. मोबाईलने काळी चार दाखवली, आणि ती हलली नाही. आईने सा लावायचा प्रयत्न केला, आवाज चिरला, ठसका लागला. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. ती उठली आणि बाहेर खाटेवर जाऊन बसली. वैशाली हे सगळं पाहत होती. "तुमचं मोजून झालं असेल तर ती वायर लावा आता," एवढंच म्हणाली. मी वायर लावली आणि त्यानंतर तिला हात लावला नाही.

मामूंना मात्र सगळं सांगितलं, करूनही दाखवलं. त्यांनी तबल्यावर थाप मारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, आपण दोघांनी गप्प बसायचं. आईला आपण काळी चारमध्ये गातोय असं वाटतंय तर वाटू दे. ही पट्टी खालची आहे असं तिला कळलं, तर ती त्या क्षणी गवसणीची गाठ आणखी घट्ट करेल. मला पटलं. मोठ्या तोंडाचा, खालच्या सुराचा तबला येऊ लागला आणि आमच्या कटाला सुरुवात झाली.

यापुढचं मला सगळ्यात जास्त चक्रावून टाकतं. आईचा आवाज हळूहळू मोकळा होत होता, मॅडमही खूश होत्या. आणि उन्हाळा लागायच्या सुमारास एका सकाळी मामूंना तबला थोडा चढवावा लागला. मी मोजलं तर काळी तीन, म्हणजे एक पट्टी वर. काही आठवड्यांनी पांढरी पाच, आणखी एक वर. आदल्या दिवशी तिचा आवाज जेवढा सुटलेला असे तेवढाच तंबोरा दुसऱ्या दिवशी वर सरकायचा, जास्त नाही की कमी नाही. चांगला गुरू जसा शिष्याला झेपेल तेवढंच पुढे नेतो, तसं. मी मोजमापाचा माणूस, पण इतकं नेमकं माप मी कधी पाहिलं नाही. भीती कधीच गळून पडली होती. मी रोज सकाळी त्या डब्याकडे नुसता कौतुकाने पाहायचो.

गुरुपौर्णिमा आली. आईच्या शिष्या दर वर्षी आमच्या घरी जमतात आणि सुरुवात आईच्या गाण्याने होते. या वर्षी ती गाणार म्हटल्यावर खोलीत, व्हरांड्यात, जिन्यावर बायकाच बायका. सकाळपासून रस्त्यावर खोदकाम चालू होतं, आणि नेमकी आई सतरंजीवर बसली तेव्हा तंबोरा वाजेना. वर जाऊन पाहिलं तर राउटरवरचा दिवा लाल. खोदताना इंटरनेटची केबल तुटली होती.

मी धावतच खाली आलो. एका शिष्येने लगेच मोबाईल पुढे केला, "काकू, माझ्याकडे तंबोऱ्याचं ॲप आहे, काळी चार लावू?" माझ्या डोळ्यांसमोर ते चिरणं, तो ठसका आणि एवढ्या लोकांसमोर उठून जाणारी आई... मामूंनी तर मान खाली घातली. सहा महिन्यांचं सगळं आता पाण्यात जाणार, याबद्दल मला शंका उरली नव्हती.

आई म्हणाली, "थांब."

ती उठली, कोपऱ्यातला तंबोरा उचलला आणि सगळ्यांसमोर गवसणी काढली. मांडीवर घेतला. मग अगदी सहज, भाजी आणायला सांगावी तशी म्हणाली, "रशीद, पेटीवर पांढरी पाच दे."

खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. जिला काळी चारवाचून गाणं ठाऊक नव्हतं ती बाई शिष्यांसमोर एक पट्टी खाली तारा लावत होती, शांतपणे, एकेक खुंटी पिळत. मामूंनी पेटीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. मग आई गायली. आवाजाला पूर्वीची धार नव्हती, पण त्यात काहीतरी आलं होतं जे आधी नव्हतं. मला गाण्यातलं कळत नाही, तरी समोरच्या बायका डोळे पुसत होत्या ते दिसत होतं. इतका अभिमान मला आईचा आयुष्यात कधी वाटला नव्हता.

सगळे गेल्यावर ती खाटेवर पाय पसरून बसली. मी शेजारी बसलो आणि विचारलं, पट्टी खालची आहे हे तुला केव्हा कळलं?

"पहिल्याच दिवशी," ती म्हणाली. "गळा बिघडला होता रे, कान नव्हते बिघडले."

मग गायलीस काहून, म्हणजे का, असं मी तिच्याच इकडच्या बोलीत विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी अजून शाळेत जातोय.

"तू रोज माझ्यासाठी गुपचूप पट्टी उतरवून राहिला होता. मला वाईट वाटू नये म्हणून बोलून नव्हता राहिला. मग मी काय अकडून बसू? म्हटलं, पोरगा एवढं करून राहिला, तर आपण खाली यायला काय हरकत आहे."

मी म्हटलं, आई, मी नव्हतं केलं ते. खरंच नव्हतं केलं.

"बरं, नाही केलं," ती हसून म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून आत गेली.

केबल जोडून आल्यावर मी पुन्हा मोजलं. आई सतरंजीवर बसलेली असतानाही काळी चार. त्या दिवसापासून वायरीवरचा तंबोरा एकदाही उतरला नाही. आईला आता त्याची गरजही नाही, ती आपला तंबोरा घेऊन बसते. डबा उघडला, वायर तपासली, कंपनीला लिहिलं, ग्रुपवर विचारलं. कुठेही दोष निघाला नाही.

आणि मंडळी, तंबोऱ्याची पट्टी बोटाने खाली सरकवायची सोय त्या साध्या मोबाईल ॲपमध्येही असते, कुठल्याही शिष्येला माहीत आहे. मी कितीतरी दिवस समजावत होतो, चिडत होतो, पण आईला न सांगता पट्टी उतरवून ठेवावी हे मला एकदाही सुचलं नाही. ज्याला सुचलं त्याला तिचा हट्ट माहीत होता आणि तिचा गळा रोज किती मोकळा झालाय हेही माहीत होतं. तो कोण, मला ठाऊक नाही. आई मात्र भेटेल त्याला सांगते, माझ्या विनयने केलं.